उदासीन पदार्थ

प्रकाशा गावात हेमकांत आप्पांना लिटमस आप्पा म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, एवढा सभ्यपणा गावानं पाळला आहे.

आप्पा शहाद्याच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर होते. परिचर म्हणजे, विज्ञानाचे सर प्रयोग करत आणि आप्पा प्रयोगानंतरचं धूत. धुता धुता त्यांचं विज्ञानाबद्दल एक स्वतंत्र मत झालं होतं. ते असं, की जगात जे काही बिघडतं ते चुकीच्या द्रवानं धुतल्यामुळे बिघडतं. निवृत्त होताना शाळेनं त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. लिटमस कागदांचा डबा मात्र त्यांनी मागून घेतला. घड्याळ पुढं बंद पडलं. डबा चालू राहिला.

निळा कागद लाल झाला तर आम्ल. लाल निळा झाला तर आम्लारी. आणि दोन्ही कागद जसेच्या तसे राहिले तर पदार्थ उदासीन. शाळेच्या पुस्तकातला हा शब्द आप्पांचा फार लाडका. इतर लोक उदासीन माणूस दिसला की त्याला चहा पाजतात, घरी काही भांडण झालं का विचारतात. आप्पांच्या लेखी उदासीन ही पदवी होती, आणि ती पाण्यासारख्या मोजक्याच पदार्थांना मिळालेली होती.

"मंग तुम्ही बी उदासीनच," त्यांच्या पत्नी रंजनाबाई म्हणत. "लगीन व्हयनं तवयपासून ना लाल व्हयनात, ना निळा."

आप्पा हे कौतुक समजून घेत.

त्यांची एकुलती मुलगी रोहिणी धडगावला सरकारी कार्यालयात नोकरीला होती. आठवडाभर तिथं खोली घेऊन राही, शनिवारी संध्याकाळी स्वतःची गाडी चालवत घाट उतरून घरी येई आणि सोमवारी पहाटे परत घाट चढे. गाडी तिनं स्वतःच्या पगारातून घेतली. विमा फोनवर काढला, हप्ता फोनवर भरला, रस्ता फोनला विचारला. गाडीच्या पूजेच्या दिवशी आप्पांच्या वाट्याला काय आलं, तर चार चाकांखाली ठेवायची चार लिंबं. तीही रंजनाबाईंनीच परसातून तोडून दिली होती.

पण बापाला एक काम उरलं होतं. रविवारी सकाळी अंगणात रोहिणी गाडीचं अंग धुई आणि आप्पा पाटावर बसून चाकं धूत. चाकं चांदीच्या रंगाची, फुलासारख्या पाकळ्यांची होती. गॅरेजवाले त्यांना मॅगव्हील म्हणतात. बाप-लेक त्या तासाभरात फारसं बोलत नसत, पण जे काही बोलत ते तेव्हाच. साहेबाची बदली, शेजारच्या खोलीतल्या बाईचं बाळंतपण, लग्नाचा विषय कुणी काढायचा नाही याबद्दलचा करार, हे सगळं आप्पांना चाकाशी बसून कळलं होतं.

अडचण काळ्या पुडीची होती. घाटात सारखा ब्रेक लागतो, ब्रेकची पूड उडते आणि पुढच्या चाकांवर बसते. साध्या पाण्यानं ती हलायचीसुद्धा नाही. आप्पा घासत राहत आणि कंबर धरून उठत.

"आप्पा, ऱ्हाऊ द्या," रोहिणी एकदा म्हणाली. "कंबर दुखस तुम्हनी. मी शहादाले वॉशिंगवर टाकी देसू."

ती प्रेमानं म्हणाली. आप्पांना ते बडतर्फीच्या नोटिशीसारखं ऐकू आलं. गाडी वॉशिंगवर गेली म्हणजे रविवार गेला, आणि रविवार गेला म्हणजे मुलगी शनिवारी येऊन सोमवारी जाणारी पाहुणी झाली. पूड निघणारं आणि चाकाला न बाधणारं काहीतरी शोधणं भाग होतं. आप्पांनी डबा काढला.

पहिली उमेदवार चिंच. रंजनाबाई देवाची तांब्याची भांडी चिंचेनं लख्ख करत. निळा कागद लाल झाला. आप्पांनी चिंच नाकारली.

"देवले चालस, गाडीले नही चालत?" रंजनाबाईंनी विचारलं.

"देवले घाट चढना पडत नही," आप्पा म्हणाले.

धुण्याच्या सोड्यानं लाल कागद निळा केला. चुलीच्या राखेनंही तेच केलं. संडास धुण्याच्या बाटलीत कागद बुडवताच असा लाल झाला, की आप्पांनी ती बाटली उचलून मोरीच्या मागं ठेवली, जणू चाकांनी तिला बघूसुद्धा नये.

मग ते शहाद्याला गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदारानं एक बाटली पुढं केली. "ही मारा आप्पा. पाच मिनिटमा चकाचक." आप्पांनी त्याच्या परवानगीनं झाकणात थेंब घेतला आणि खिशातून कागद काढला. दुकानदार ते बघत राहिला.

"आप्पा, त्या बाटलीले दिवस गयात का काय, तपासी ऱ्हायनात ते?"

कागद लाल झाला होता. आप्पांनी बाटली सरळ परत ठेवली. इथपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. मॅगव्हीलवर पातळ लेप असतो, आम्ल तो खातं आणि मग चाकावर कोडासारखे पांढरे डाग उठतात. माणसाचं सगळं बरोबर चाललं असलं की त्याला सल्ला मिळतो, तसा आप्पांनाही मिळाला.

सल्ला रेवजीचा. रेवजी शेजारी राहायचा. धडगाव लाईनवर त्यानं जीप चालवली होती आणि आता ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचा.

"डिझलमा थोडं ऑईल टाका नि फडकं मारा," तो म्हणाला. "पूड बी निंघस, टायर बी काळा कुळकुळीत व्हस. आख्खी लाईन हाईच करस."

आप्पांनी वाटीत डिझेल-ऑइल घेतलं. निळा कागद बुडवला. निळाच. लाल बुडवला. लालच. त्यांनी कागद उन्हात धरून पुन्हा पाहिले. इतक्या दिवसांच्या शोधानंतर उदासीन पदार्थ सापडला होता, आणि तो शेजारीच होता.

त्या रविवारी रोहिणी केस धुऊन आत होती, तेव्हा आप्पांनी काम उरकलं. पूड खरोखरच सुटली. टायर बाजूनं चमकले. आप्पा अर्धवट काम करणारे नव्हते, त्यामुळे टायरचा रस्त्याला टेकणारा भागही त्यांनी पुसून घेतला. मग चाकाच्या पाकळ्यांतून आत नजर गेली. तिथं ब्रेकची लोखंडी ताटली असते. सकाळच्या पाण्यानं तिच्यावर नारिंगी गंज धरला होता. लोखंडाला गंज लागला तर तेल लावावं, हे तर लिटमस न पाहताही कळतं. आप्पांनी बोटाला फडकं गुंडाळलं आणि दोन्ही पुढच्या ताटल्या मायेनं पुसल्या.

संध्याकाळी तिघं संगमावरच्या देवळात निघाले. रोहिणीनं चाकं पाहिली. "आरे वा आप्पा! नवी करी दिन्ही!" आप्पा मागच्या सीटवर ताठ बसले.

गल्लीच्या वळणावर रस्त्यात म्हैस उभी होती. तिला घाई नव्हती. रोहिणीनं ब्रेक दाबला. गाडी थांबायला हवी होती तिथून पुढं निघाली, आरामात, जणू तिला म्हशीशी काही बोलायचं होतं. रोहिणीनं हातब्रेक ओढला, गाडी वळवली, आणि गाडी कुणाच्यातरी वाळत टाकलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात नाक खुपसून थांबली. म्हशीनं मान वळवून पाहिलं आणि निघून गेली. कुणाला काही लागलं नाही.

रोहिणी खाली उतरली. वाकून चाकाच्या पाकळीत बोट घातलं, बोट नाकाशी नेलं.

"आप्पा, ब्रेकमा काय चोपडं तुम्ही?"

"डिझल नि ऑईल," आप्पा म्हणाले. मग त्यांनी विज्ञानाची बाजू मांडली. "उदासीन व्हतं ते."

रंजनाबाई गाडीवरच्या पऱ्हाट्या बाजूला करू लागल्या.

रोहिणी ओरडली असती तर आप्पांना सोपं गेलं असतं. तिनं पऱ्हाटीची काडी आरशातून काढली आणि इतकंच म्हणाली, "बरं व्हयनं, गल्लीमाच समजनं."

आप्पांना पुढचं सगळं दिसलं. पहाटेचा घाट, खालची दरी, वळणावर समोरून येणारी जीप. ते त्या संध्याकाळी देवळात गेले नाहीत.

गाडी दोरीनं बांधून शहाद्याच्या गॅरेजला गेली. मिस्तरीनं चाक खोललं. "ताटली धोवाई जाई. पन पॅड तेल पी गयात, नवा टाकना पडतीन. टायर बी साबणनं धोई टाकस." कुणी लावलं, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर आप्पांनी सांगायची तयारी ठेवली होती. सोमवारी रोहिणी वडापच्या जीपनं धडगावला गेली. आप्पांनी तिची बॅग थांब्यापर्यंत नेली. वाटेत ती म्हणाली, "आते वॉशिंगवरच टाकत जासू, आप्पा."

"बरं," आप्पा म्हणाले.

त्या आठवड्यात आप्पा डबा पुढं घेऊन बसत आणि काही बुडवत नसत. बुधवारी जेवताना ते एकदम थांबले.

"कोरडा कागद बोलतच नही," ते म्हणाले.

"कोण नही बोलत?" रंजनाबाईंनी भाकरी वाढता वाढता विचारलं.

"लिटमस. त्याले पानी लागस. पानी नही तठे तो मुका. मी त्याले तेलबद्दल विचारं, नि तो गप ऱ्हायना. माले वाटनं, हो म्हनी ऱ्हायना."

"हाई तं शाळामा जनमभर शिकाडं ना तुम्ही?"

"शिकाडेत सर," आप्पा म्हणाले. "मी नुसता कागद देऊ."

रंजनाबाईंनी त्यांच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.

शनिवारी रोहिणी जीपनं उतरली, गॅरेजातून गाडी घेतली आणि घरी आली. रविवारी सकाळी आप्पा ओट्यावर पेपर वाचत बसले, म्हणजे पेपर धरून बसले. गाडी वॉशिंगला जायची होती. ती गेलीही. आणि थोड्याच वेळात तशीच धुळीची परत आली.

"काय व्हयनं वं?" रंजनाबाईंनी विचारलं.

"तठे डबामा ब्रश बुडाडी ऱ्हायनतात. काय शे म्हनी विचारं, तं म्हने ॲसिड. चाक इतलं गरम व्हतं, तरी मारी ऱ्हायनतात." तिनं पिशवीतून एक बाटली काढून ओट्यावर ठेवली. गाडीच्या साबणाची होती. "हाई लयनू. आंगवर लिखेल शे, उदासीन. खरं शे का खोटं, ते तुम्ही देखा. मी कागदवर इस्वास ठेवस. तुम्हनावर मी देखरेख ठेवसू."

आप्पा उठले. साबणाचे दोन थेंब वाटीभर पाण्यात टाकले. पाणी आहे, हे त्यांनी बोट बुडवून दोनदा पाहिलं. निळा कागद निळाच राहिला आणि लाल लाल. या वेळी तो गप्प नव्हता, उत्तर देत होता.

चाक थंड होईपर्यंत दोघं थांबली. मग साबणाचं पाणी, मऊ ब्रश, चाकांसाठी वेगळी बादली, वेगळं फडकं. पूड जराशी मागं राहिली. आप्पांनी ती राहू दिली. टायरला काहीच लावलं नाही. शेवटी ताटलीवर डोळ्यांदेखत नारिंगी गंज चढू लागला. आप्पांनी दोन्ही हात मागं बांधले.

"बठा," रोहिणीनं पुढचं दार उघडलं. तापीच्या पुलापर्यंत ती गाडी चालवत गेली, मोकळ्या रस्त्यावर सावकाश चार-सहा वेळा ब्रेक लावले आणि परत आली. आप्पांनी वाकून पाहिलं. ताटली लख्ख होती. तिला कुणी हात लावला नव्हता.

"आप्पा, टायर काळा नही दिसत," रेवजी ओट्यावरून म्हणाला.

"टायरसारखा दिसस," आप्पा म्हणाले.

सोमवारी पहाटे गाडी निघाली. आप्पा आणि रंजनाबाई दारात उभे होते. गल्लीच्या वळणावर म्हैस नव्हती, कुत्रंही नव्हतं, रस्ता साफ मोकळा होता. तरी तिथं गाडी जागच्या जागी थांबली, मागचे लाल दिवे लागले, आणि मग ती वळून गेली.

"काबर थांबनी वं ती?" रंजनाबाईंनी विचारलं.

"ब्रेक तपासी ऱ्हायनी," आप्पा म्हणाले. रंजनाबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना नवऱ्याच्या चेहऱ्याचा रंग बदललेला दिसला.