व्याह्याने नेलेलं पुस्तक

खाडीवर रेल्वेचा पूल झाला होता, तरी कळव्याहून ठाण्याला भाजीच्या पाट्या आणि शेळ्या धाकूच्याच होडीतून जात. रोज ये-जा करणाऱ्या एका पंतोजींनी त्याला होडीतच बाळबोध अक्षरं शिकवली होती. धाकू अडखळत वाचायचा, पण वाचायचा.

एकदा मिशनचा पुस्तकविक्या उतरताना येशूच्या गोष्टींचं एक पातळ पुस्तक त्याच्या हातात ठेवून गेला. धाकूला धर्म बदलायचा नव्हता. गावदेवीला तो रोज फूल वाहायचा. पुस्तकात होड्या होत्या, म्हणून वाचायचा. मात्र वाचनही तो कामासारखंच करी. एका बैठकीला एक गोष्ट, आणि ती पचल्याशिवाय पुढचं पान नाही. येशूने हाक मारली आणि दोघे भाऊ बापाला होडीत सोडून निघाले, तिथे तो पंधरा दिवस अडला. म्हातारा एकटा जाळी कशी ओढणार? पुन्हा वाचताना दिसलं, बापापाशी मजूर होते. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

"अवो, पोरीचं लग्न होईपर्यंत तरी ते गुंडाळून ठेवा," बायको रखमा म्हणाली. "लोक म्हणतात, धाकू बाटणार."

"वाचून माणूस बाटत असता, तर तमाशा बघून मी नाच्या झालो असतो."

रखमा हसली नाही. लेकीची, शेवंतीची सुपारी शहाडच्या काळुरामच्या मुलाशी फुटली होती. आणि चार दिवसांनी काळुराम स्वतःच दारात उभा राहिला. उल्हास नदीवर त्याचीही होडी चाले. तो बसला, पण पुढे केलेला विडा त्याने घेतला नाही.

"व्याही, पाद्र्याचं पुस्तक घरात आहे म्हणतात. खरं?"

"आहे."

"मग तुमची मुलगी माझ्या घरात येणार नाही. खाडीत टाका ते."

दाराआड शेवंतीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. धाकूने तिकडे पाहिलं.

"टाकतो," तो म्हणाला. "पण आजची गोष्ट अर्धी राहिलीय. मध्येच वल्हं टाकायची मला सवय नाही. तेवढी संपवू द्या."

"संपवा. मोठ्याने वाचा. कळू दे काय विष आहे ते."

धाकू बोट ठेवून वाचू लागला. सरोवरात वादळ उठलंय, लाटा होडीत शिरतायत आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय.

"पाणी कोण उपसतंय?" काळुरामने विचारलं.

"ते लिहिलं नाही. सगळे त्यालाच उठवतायत."

"उपसलं असणार हो! लिहिणारा होडीत नसेल."

"मलाही तेच खटकलं. उपसायचं सोडून देवाला उठवायचं, हे बरं नव्हे."

"एका हाताने उपसायचं, दुसऱ्याने त्याला हलवायचं. महापुरात मी तेच केलं. पुढं?"

पुढं येशूने वाऱ्याला दटावलं आणि वारा पडला. धाकूची नजर पुढच्या ओळींवर गेली, त्याही त्याने वाचल्या. होडी पलीकडे लागते तोच थडग्यांतून एक झपाटलेला माणूस धावत येतो. त्याला साखळ्यांनी बांधलं, तर तो साखळ्या तोडतो.

धाकूने पुस्तक मिटलं. "झाली गोष्ट. ही आता दुसरी."

"अहो, पण त्या माणसाचं काय झालं?"

"मला तरी कुठं ठाऊक? चला, खाडीवर जाऊ."

धाकू उठला. हातातलं पुस्तक त्याला जड लागत होतं. काळुराम जागचा हलला नाही. त्याने मान खाजवली.

"खाडीत नको. काही झालं तरी विद्या ती. माझ्याकडे द्या. गावात सांगतो, व्याह्याच्या घरातून पुस्तक मी काढून नेलं. मग कुणाची जीभ उचलते बघू."

पुस्तक उपरण्यात बांधून त्याने विडा तोंडात टाकला. आतून रखमा म्हणाली, "पण भाऊ, तुम्हाला वाचता कुठं येतं?"

"व्याह्यांना येतं ना! शहाड काय विलायतेत आहे?"

लग्न झालं. धाकू शहाडला गेला, वाचायला बसला. पण मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं पाणी प्यायचं नसतं, आणि धाकू रीत मोडणारा नव्हता. भर उन्हात चालून आलेला. चार ओळींत घसा कोरडा पडला, आवाज फाटला.

काळुरामने पुस्तक काखेत मारलं, व्याह्याला होडीत बसवलं, नदीच्या मध्यावर नेलं आणि वल्हं आडवं ठेवलं.

"ही नदी काही माझ्या घरची नाही. प्या, आणि वाचा."

धाकू ओंजळ भरभरून पाणी प्याला. ओले हात धोतराला नीट पुसले आणि मग पान काढलं.