आत्यानं मिळवलेला ‘ळ’

बारीक अक्षरातला मजकूर वाचणारी माणसं जगात फार थोडी, आणि त्या सगळ्यांची मिळून जेवढी चिकाटी भरेल तेवढी एकट्या माझ्या आत्याकडे आहे. औषधाच्या डबीतून ती गोळीच्या आधी माहितीची चिठ्ठी काढते. एका लग्नात वीज गेली, तेव्हा हॉलची नियमावली शेवटपर्यंत वाचलेली ती एकटीच होती. "नौवां नियम पढ़िए भैया, जनरेटर आपकी तरफ से है," असं तिनं व्यवस्थापकाला ऐकवलं आणि घामाघूम वऱ्हाडाला पंखे मिळाले.

सरकारी संगणक विभागातून निवृत्त होऊन ती हिंदी मुलखात, साकेत नगरात राहते. आतोबांची दृष्टी गेल्यावर तिनं एक यंत्र आणलं. समोर पान धरलं की ते मोठ्यानं वाचायचं. हिंदी झोकात वाचायचं, मराठीही वाचायचं, पण त्याला ‘ळ’ येत नव्हता. केळीची ‘केली’ व्हायची, कथेतल्या नायिकेचे ‘डोले’ पाणावायचे. तिसऱ्या दिवशी आतोबांनी यंत्र बंद केलं. म्हणाले, "दिसत नाही हे सोसलं. पण डोळ्यांना डोले म्हणवून घेणार नाही."

आत्यानं खोक्यातलं परवानापत्र काढलं. आतला वाचणारा प्रोग्राम मुक्त परवान्याचा होता. कुणीही तो पाहावा, सुधारावा. कंपनीनं मूळ कोड पाठवलाही. आठ दिवस खपून आत्यानं ‘ळ’ बसवला, प्रोग्राम यंत्रात भरला, तर यंत्र सुरूच होईना. कंपनीची डिजिटल सही नसलेलं काही चालवायचंच नाही, असं त्याला शिकवून ठेवलेलं!

तिनं कंपनीला फोन लावला. मी शेजारीच होतो.

"मैडम, कोड तो दे दिया ना आपको?"

"दिया. पर अपनी ही मशीन पर चला न सकूँ, तो उसका अचार डालूँ? इस लाइसेंस का तीसरा संस्करण पढ़िए. घरेलू चीज़ हो, तो बदला हुआ प्रोग्राम डालने की चाबी भी देनी पड़ती है."

"फिर वारंटी नहीं रहेगी."

"वारंटी आप रख लीजिए. चाबी दीजिए."

दोन महिने ती पत्रं लिहीत राहिली आणि दुपारी आतोबांना स्वतः वाचून दाखवत राहिली. आतोबा कंटाळून म्हणाले, "सोड आता, मी हिंदीच ऐकेन." ती म्हणाली, "का म्हणून? लिहून दिलंय त्यांनी." तिनं प्रोग्रामच्या मूळ लेखकांनाही कळवलं आणि त्यांनी कंपनीला खडसावलं. शेवटी किल्ली आली, आणि ती एकट्या आत्याला नव्हे, असं यंत्र घेतलेल्या प्रत्येकाला!

"तिचे डोळे पाणावले," यंत्र खणखणीत म्हणालं. आतोबांनी टाळी वाजवली. "परत!" असं अकरा वेळा झालं. आत्यानं अख्ख्या इमारतीत पेढे वाटले. अरेरा कॉलोनीतल्या एका निवृत्त मराठी बाईंकडे तसलंच यंत्र आहे असं कळताच ती तिथे जाऊन त्यातही ‘ळ’ घालून आली.

आता आतोबा दुपारभर एकटे वाचतात. परवा मी म्हणालो, "आत्या, तुझी दुपार मोकळी झाली की गं."

"झाली ना," ती म्हणाली. मग आतल्या खोलीकडे कान देत हळूच म्हणाली, "मी वाचायचे ना, तेव्हा पान संपलं की हे म्हणायचे, थांब जरा, पाणी पी. त्या यंत्राला काय, तहानच लागत नाही."