ताराचंद मास्तरांचं भाषांतर

एकोडीच्या शाळेत ताराचंद लांजेवार इंग्रजी शिकवायचे. पोरांना ते कितपत आलं देव जाणे, पण मास्तरांना येतं, ही बातमी भंडाऱ्याच्या कचेरीपर्यंत पोचली होती. १९८३ साली तांदळाच्या कोंड्यापासून तेल काढणाऱ्या परदेशी कंपनीचे दोन गोरे जागा बघायला आले, तेव्हा दुभाषा म्हणून मास्तरांनाच हुकूम आला. कचेरीतल्या साहेबांचं इंग्रजी फायलीत उत्तम चालायचं, गोऱ्यांसमोर मात्र बसून जायचं.

तयारी जय्यत होती. खड्डे मुरमाने बुजवले होते, जीप जाणार तेवढ्या बाजूचे. छापील माहितीपत्रकात चोवीस तास वीज होती. तिथे ती एकदाही गेली नाही.

पण गोऱ्यांना माणसांशी बोलायची खोड. तलावाच्या पाळीवर गोमाजी नावाचा धानकरी उभा होता. एका गोऱ्याने विजेबद्दल विचारलं ते मास्तरांनी मराठीत विचारलं, "गोमाजी, लाईन किती वेळ राहते?"

"कोनत्या दिवसाचं इचारता, मास्तर? आज सकायपासून हाये, साहेब लोक आले ना! हे गेले का लाईनबी गेली समजा."

सोबत आलेले कचेरीतले साहेब घाईने म्हणाले, "सांगा, भरपूर असते."

मास्तर घुटमळले. चुकीच्या भाषांतरासाठी वीस वर्षं त्यांनी पोरांना छड्या मारल्या होत्या. त्यांनी गोमाजीचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. गोरा हसला आणि वहीत लिहिता झाला.

महिन्याने कंपनीचं इंग्रजी पत्र आलं: कारखाना दुसऱ्या राज्यात जाणार. कचेरीच्या सभेपुढे ठेवायला मराठी प्रत हवी, म्हणून पुन्हा मास्तर. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचून मग उतरवलं: 'खरी माहिती फक्त दुभाष्याने दिली, त्याचे आभार.'

साहेबांनी त्यावर लाल रेघ ओढली. "अनावश्यक आहे."

"पण साहेब, मूळ पत्रात आहे."

"मूळ पत्र फायलीत राहील. सभा मराठीत होते."

सभेत कळलं की पाहुणे अत्यंत प्रभावित झाले होते, पण दुभाष्याच्या कच्च्या इंग्रजीमुळे घोटाळा झाला. आठवड्यात मास्तरांची दिघोरीला बदली झाली.

पेटी भरताना ललिताबाई नवऱ्यावर फणकारल्या, "काहून बोल्ले जी खरं? खोटं बोल्ले असते तं जीभ झडली असती का तुमची?"

"मी कुठी बोल्लो? गोमाजी बोल्ला."

निवृत्तीपर्यंत मास्तर दिघोरीत शिकवत राहिले. कचेरीने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. पुढच्या पाहुण्यांसाठी म्हणे मुंबईहून दुभाषा आणला. त्याला इथल्या माणसांचं बोलणं अजिबात कळेना, त्यामुळे दौरा फार सुरळीत पार पडला.