वहिनी नेमक्या बसतात कुठे?

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हा माझा स्वभाव आहे असं आमची ही म्हणते. मला ते मान्य नाही. मी वाकत नाही. आमच्या दाराला बाहेर बघायचं जे भोक आहे ते माझ्या डोळ्याच्या बरोबर उंचीवर आहे, आणि ती उंची समोरच्या टेपवाल्यांनीच काढून दिली होती. म्हणजे त्यांच्या दारात काय चाललंय ते मी ताठ मानेने बघतो, आणि तेही त्यांच्याच मापाने. शिवाय खाली माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना दिसतंय की नाही हे बघणं हा माझा धंदा. दुपारी दुकान बंद असतं म्हणून काय डोळेही मिटून घ्यायचे?

टेपवाले हे त्यांना आम्ही ठेवलेलं नाव. खिशात मोजायची टेप नाही असे टेपवाले मी एकदाच पाहिलेत, आणि तेव्हा त्यांना सडकून ताप भरला होता. त्यांनी नोकरीभर एकच काम केलं. लोकांना बसवलं. घरी बसवलं या अर्थाने नव्हे, खरोखर बसवलं. फर्निचरच्या एका मोठ्या कंपनीत होते. नवं ऑफिस उघडलं की हे तिथे जायचे आणि कोणाला कुठली खुर्ची, टेबल किती उंच, दिवा कुठल्या बाजूला, हे ठरवून द्यायचे. बँकेतले रोखपाल, दवाखान्याच्या खिडकीतल्या बाया, दिवसभर फोन घेणाऱ्या पोरी, सगळे यांनी बसवलेले.

त्यांची एक खासियत होती, ती ते चहाबरोबर हमखास सांगायचे. "मापाला बसलेला माणूस खोटं बसतो!"

"म्हणजे कसं?" मी ऐकलेलं असूनही विचारायचो. त्यांना सांगायला आवडतं आणि मला ऐकायला.

"अहो, टेप दिसली की माणूस फोटोला बसल्यासारखा बसतो. पाठ ताठ, गुडघे जुळलेले, तोंडावर बढती मिळाल्यासारखा भाव. त्या मापाची खुर्ची दिली की आठवड्यात तक्रार. मी टेप खिशात टाकायचो आणि कोपऱ्यात चहा पीत उभा राहायचो. साहेबांची वाट बघतोय म्हणायचं. लोक मला विसरले की खरे बसायला लागायचे."

असं उभं राहून त्यांनी काय काय पाहिलंय! एक रोखपाल टेबलाखाली एक बूट काढून ठेवायचा आणि मग दिवसभर पायानेच तो शोधत राहायचा. त्याला त्यांनी पाय टेकवायला कड असलेली पायफळी करून दिली, बूट पळायचा बंद झाला. एका बाईंची मान कायम अवघडलेली. टेबल फिरवून दिलं, मान सुटली. त्या खिडकीकडे पाठ करून बसायच्या आणि बाहेर काय चाललंय म्हणून सारखं वळून बघायच्या. या बाईंबद्दल मला फार आपुलकी वाटते. आणि साहेबांच्या खुर्चीची पाठ उंच का, तर साहेब मागे रेलून ऐकतो आणि बाकीचे पुढे वाकून बोलतात. हे सगळं सांगताना टेपवाले स्वतः मात्र उभे. जन्मात त्यांनी धड बूड टेकलं नाही.

तर असे हे गृहस्थ रिटायर झाले, आणि थोड्याच दिवसांनी समोरच्या दारात एक खुर्ची आली.

साधीसुधी नव्हे. हात वरखाली होणारे, मानेला उशी, कमरेला आधार, बुडाशी चाकं. मागून टेबल, मग दिवा, मग पायफळी, मग एक फिरतं कपाट. मी भोकातून बघतोय, ही मागून माझा शर्ट ओढतेय.

"अहो, या इकडे! काय म्हणतील लोक!"

"अगं, टेपवाले ऑफिस थाटतायत. या वयात! कसलं, ते कळायला नको?"

"त्यांचं नाही, वहिनींचं," ही म्हणाली. तिला सगळं आधीच माहीत होतं. माझ्या घरात राहून माझ्यापासून बातमी लपवते, याला काय म्हणावं?

वहिनी म्हणजे टेपवाल्यांच्या बायको. वाचनालयात काम करायच्या, ते बंद पडलं. मग घरीच होत्या. आता त्यांना एका प्रकाशकाने काम दिलं होतं, पुस्तकाची सूची करायचं. जाड पुस्तकांच्या शेवटी असते ना, अमुक गोष्ट तमुक पानावर, ती. ती कोणीतरी माणूस बसून करतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, पुस्तकाला ती आपोआप फुटते, झाडाला मुळं फुटावीत तशी. पुस्तक होतं जगभरच्या पुलांवरचं, उशीएवढं जाड. प्रकाशकाने स्पष्ट सांगितलं होतं, महिनाअखेर सूची हातात पडली आणि नीट निघाली तर पुढची सगळी पुस्तकं तुमच्याकडे. नाहीतर त्यांच्या नजरेत दुसऱ्या एक बाई होत्याच.

"पहिल्यांदाच माझं स्वतःचं म्हणून काहीतरी आलंय गं," वहिनी हिला म्हणाल्या होत्या. "हे हातचं घालवलं तर परत कोण विचारणार मला?"

टेपवाल्यांनी तर कंबरच कसली. मुलीच्या लग्नानंतर रिकामी पडलेली खोली रंगवली. वहिनींना खुर्चीत बसवून कोपर, गुडघा, डोळा, सगळ्याची मापं घेतली. डावीकडून उजेड, पाठीशी दार, म्हणजे लक्ष विचलित व्हायला नको. आम्हाला दाखवायला बोलावलं तेव्हा वहिनी त्या खुर्चीत बसल्या होत्या आणि टेपवाले शेजारी उभे राहून माहिती देत होते. मला वस्तुसंग्रहालयात गेल्यासारखं वाटलं.

"काय वहिनी, कसं वाटतंय?"

"छानच आहे," त्या म्हणाल्या. आणि लगेच उठल्या. "बसा, चहा टाकते."

इथपर्यंत सगळं आलबेल होतं. पण पुढच्या आठवड्यात मी दुपारचा दुकानातून वर आलो तर आमच्या घरात पाय ठेवायला जागा नाही. दिवाणखान्यात आमचा एक जुना बैठा दिवाण आहे, रुंद, कडेला दबलेला, हिच्या माहेरून आलेला. (मी तो टाकून देऊ म्हणतो आणि त्यामुळे दरवेळी माझाच उद्धार होतो.) त्यावर वहिनी. एक पाय अंगाखाली दुमडलेला, दुसरा लोंबता, केसांत पेन्सिल, मांडीवर पूल. आणि चहूकडे सूचीच्या चिठ्ठ्या. उशांवर चिठ्ठ्या, जमिनीवर चिठ्ठ्या, माझ्या चष्म्याच्या घरावर चिठ्ठ्या. लोंबत्या पायाच्या अंगठ्याने त्या एखादी चिठ्ठी इकडून तिकडे सरकवत होत्या आणि पुटपुटत होत्या, "झुलता पूल... दोरखंड... दोरखंड इकडे..."

मी आल्याचं त्यांना कळलंही नाही. माझ्यासारखा माणूस खोलीत येतो आणि कळत नाही!

हिने मला स्वयंपाकघरात ओढलं. "एक अक्षर बाहेर गेलं तर याद राखा. भावोजी दुपारी त्यांच्या जुन्या कंपनीच्या गोदामात गप्पा मारायला जातात तेवढा वेळ ती इथे येते. तिकडे तिचं काही होतच नाही. त्यांनी एवढं हौसेने केलंय, त्यांना सांगायचं कसं?"

"पण का होत नाही? एवढी भारी खुर्ची!"

"तुम्ही गप्प बसा म्हणजे झालं."

आता मला सांगा, मुंगीच्या तोंडात साखरेचा दाणा ठेवायचा आणि म्हणायचं गिळू नकोस. मला जिन्यात टेपवाले भेटले की मी हवापाण्यावर बोलायचो. चिंतेने माझी भूक गेली. ही म्हणाली, भूक तेवढी गेलीय, डोकावायची खोड नाही.

पण टेपवाले कच्च्या गुरूचे चेले नव्हते. महिना संपत आला तसे एक दिवस ते थेट दुकानात आले. चष्मा पुसायला दिला, जो स्वच्छ होता.

"एक विचारू?" म्हणाले. "खुर्चीखाली मी गालिचा टाकलाय. माणूस रोज बसला की चाकांच्या वाटा उमटतात. एकही उमटली नाही. पायफळी कोरी. दिव्याची मान मी ठेवली तशीच आहे. पण चिठ्ठ्यांचे गठ्ठे मात्र वाढतायत. मग ती बसते कुठे?"

मी चष्मा पुसत राहिलो. काच झिजायची वेळ आली.

"तुम्हाला माहितीय," ते म्हणाले. "इमारतीत मांजर व्यालं तरी आधी तुम्हाला कळतं."

"मला बोलायची बंदी आहे," मी म्हणालो. "बघायची नाही. उद्या दुपारी गोदामात न जाता आमच्या मागच्या दाराने या. जोडे हातात घेऊन."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभे होतो. दोन पिकलेले बाप्ये, फटीतून एका बाईला बघतायत, आणि त्यातला एक तिचा नवरा! हिने आम्हाला पाहिलं, कपाळावर हात मारला आणि आमच्याच शेजारी येऊन उभी राहिली.

वहिनी त्याच बैठकीत. पाय दुमडलेला, पेन्सिल केसांत आणि दुसरी पेन्सिल दातांत. मध्येच हसल्या, एकट्याच. काहीतरी जुळलं असावं. मग चार चिठ्ठ्या उचलून पत्ते पिसावेत तशा पिसल्या आणि पुन्हा मांडल्या.

टेपवाल्यांचा हात सवयीने खिशात गेला आणि तिथेच थांबला. कोपऱ्यात चहा पीत असेच उभे राहत असतील, मला वाटलं.

"ही अशी बसते?" शेवटी ते कुजबुजले.

"इथे येते तेव्हा अशीच," ही म्हणाली. "लग्न होऊन मी आले तेव्हापासून बघतेय."

"माझ्यासमोर कधीच नाही."

"तुमच्यासमोर ती उठायच्या तयारीत असते, भावोजी. पाणी हवंय, चहा हवाय, बेल वाजली, फोन वाजला. खुर्चीच्या कडेला टेकायचं आणि उठायचं. तुम्ही माप घेतलंत ना, ते त्याच बसण्याचं."

टेपवाल्यांनी जोडे एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. आयुष्यभर लोकांना सांगत आले, मापाला बसलेला माणूस खोटं बसतो. आणि घरात एक माणूस इतकी वर्षं मापाला बसलेलं होतं, ते दिसलं नाही. हे मी मनात म्हणालो. मोठ्याने एवढंच म्हणालो, "दिव्याखाली अंधार." ही माझ्यावर डोळे वटारून म्हणाली, "तुमच्या दिव्यात तर तेलच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून समोर ठोकाठोकी. मी भोकाला डोळा लावून. आधी खुर्ची बाहेर आली, मग पायफळी, मग फिरतं कपाट. मग मला राहवेना, मी सरळ त्यांच्याकडे गेलो. टेबलाचे पाय कापून ते बुटकं झालं. जुन्या कपाटाची दोन दारं आडवी टाकून चिठ्ठ्यांना मैदान झालं. गोदामातून एक रुंद, हात नसलेली, बसकी खुर्ची आली, कुठल्याशा हॉटेलातून परत आलेली. तिच्यावर पाय दुमडून बसलं तरी जागा उरत होती. तोंड दाराकडे. "दाराकडे पाठ केली की कोण येतंय याचाच विचार करत बसेल ती," टेपवाले म्हणाले. मान अवघडलेल्या बाई त्यांना आता आठवल्या असाव्यात.

वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा.

"अहो, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," ते म्हणाले. मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. "बस बघू."

वहिनी बसल्या. पाठ ताठ, गुडघे जुळलेले, कडेला टेकलेल्या.

टेपवाले बघत राहिले. चौकटीला हात लावून जरा विचार केला, आणि मग म्हणाले, "अगं, खुर्ची बरोबर आहे. जास्तीचा मीच आहे इथे." आणि वहिनींचा फोन खिशात टाकून, मला बाहेर काढून, दार ओढून घेऊन आमच्याकडे आले.

तेव्हापासून दुपारी टेपवाले आमच्याकडे. त्यांची ती भारी खुर्चीही आमच्याकडेच आली. ती मी आनंदाने ठेवून घेतली, कारण चाकं असल्यामुळे दारापर्यंत बसल्या बसल्या जाता येतं. (भोकाची उंची मात्र पुन्हा काढावी लागणार.) त्यांच्याकडची बेल वाजली की तेच उठतात, फोन आला तर तेच घेतात. उभं राहायची सवय कामी येतेय. महिन्याच्या अखेरीस वहिनींनी सूची नेऊन दिली. मग उत्तर येईना. टेपवाले येरझारा घालायचे, मी त्यांच्यामागे चाकांवरून.

आणि काल दुपारी टपालवाला समोर एक पार्सल घेऊन आला. टेपवाले धावले. मी दार किलकिलं केलं, एवढं तर कुणीही करेल. पार्सलमध्ये पुस्तक होतं, आधीच्याहून जाड, दीपगृहांवरचं. ते घेऊन ते आत गेले. वहिनींचा आनंदाचा आवाज आला. मग आतून हाक आली, चांगली खणखणीत:

"अहो! जरा चहा टाकता का? आणि शेजाऱ्यांनाही विचारा, दाराआड उभे असतील ते!"

टेपवाले बाहेर आले. चेहरा असा उजळलेला, जणू दीपगृह त्यांच्यावरच बांधलंय.

"ऐकलंत?" मला म्हणाले.

"ऐकलं. मी दाराआड नव्हतो, मी सहज..."

"ते जाऊ द्या हो! बसून म्हणाली!" त्यांनी माझा खांदा धरून हलवला. "पाय दुमडलेला होता. मी समोर उभा होतो, आणि उठली नाही! बसल्या बसल्या म्हणाली!"

आणि चहा टाकायला आत पळाले. साखर कुठे ठेवलीय हे विचारायला मात्र लगेच परत आले, पण वहिनींकडे नाही. आमच्या हिच्याकडे.