सांडलेलं तेल पुसणारा चोर

ती घटना आजही आठवली की हात आपोआप मिशीकडे जातो. खात्यात चौतीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, जप्त मालाच्या ढिगामागे उभं राहून पेपरसाठी फोटोही काढून घेतले. पण घरी पाहुणे आले आणि "तुमची सगळ्यात मोठी केस कुठली हो?" असं विचारलं, की मी जी सांगतो ती ऐकून त्यांचे चेहरे पडतात. तिच्यात ना पाठलाग, ना पिस्तूल. शेवटी तर चोरी झालीच नव्हती, असं मी माझ्याच सहीनं लिहून दिलं. तरीही नोकरीतली माझी सगळ्यात लाडकी केस तीच.

मी तेव्हा इंदूरच्या सांवेर रोडच्या बाजूला एका ठाण्यात टीआय, म्हणजे ठाण्याचा प्रमुख होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका कारखान्याचे व्यवस्थापक तक्रार घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, पुण्याकडून इंदूरला येऊन वर्षही झालं नव्हतं. कारखान्याच्या मागच्या आवारात त्यांचा स्वतःचा मोठा ट्रान्सफॉर्मर होता. असल्या यंत्राच्या पोटात तेल भरलेलं असतं, ते यंत्राला थंड ठेवतं. त्यातलं चार ड्रम तेल चोरीला गेलं, अशी तक्रार. सोबत त्यांनी तेलाच्या पातळीच्या नोंदींचं रजिस्टरही आणलं होतं. सहा महिने पातळी ठीक आणि मग एका दिवसात धाडकन खाली.

"सर, आतल्याच माणसाचं काम आहे. पण मी कुणाचं नाव घेणार नाही," ते म्हणाले. मग जरा हसून, "तुमची मराठी ऐकायला गंमत वाटते हं, निम्मी हिंदीच!"

माझा अनुभव असा, की नाव घेणार नाही म्हणणारा माणूस नाव सांगितल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. चहा संपायच्या आत त्यांनी सांगितलंच. ट्रान्सफॉर्मरच्या आवाराची चावी फक्त ऑपरेटरकडे असते.

रिपोर्ट लिहिला, रजिस्टर जमा करून घेतलं आणि कारखान्यात जाऊन ऑपरेटरला भेटलो. पन्नाशी ओलांडलेला, होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेल्या मराठी घराण्यातला, माझ्यासारखाच. सत्तावीस वर्षं वायरमनचा परवाना बाळगलेला. मी विचारलं तर म्हणाला, "मालूम नहीं साहेब," आणि स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. मी मनात त्याच्या नावापुढे खूण केली.

दोन दिवसांनी खबर आली, आणि ती आमच्या कुठल्या मुरलेल्या खबऱ्याकडून नव्हे, तर कचरागाडीवर काम करणाऱ्या बाईकडून. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की इंदूरमध्ये या बायकांचा दरारा पोलिसांपेक्षा जास्त. ओला-सुका कचरा एकत्र करून दिलात तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा उद्धार होतो. आमच्या सौभाग्यवतींनाही एकदा प्रसाद मिळाला होता, टीआयची बायको म्हणून सवलत नाही.

ती बाई माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "टीआई साब, एक घर से तीन दिन से तेल में भीगा भूसा आ रहा है. मैंने बोल दिया, भिया, ये न गीला है न सूखा, मेरी गाड़ी में नहीं जाएगा. आज आँगन में झाँका, तो बोरे ही बोरे!"

पत्ता विचारला. घर ऑपरेटरचंच निघालं.

मला कोण आनंद झाला! हेड कॉन्स्टेबल आणि दोन पंच घेऊन मी तासाभरात तिथं पोचलो. मागच्या अंगणात ताडपत्रीखाली नऊ पोती होती, सगळी लाकडाच्या भुशाची, आणि भुसा तेलानं काळाकुट्ट. ड्रम मात्र एकही नव्हता. माझा हिशेब झटपट जमला. यानं तेल इथं आणलं, इथून विकलं, सांडलं ते भुशानं टिपलं. त्याची बायको कणकेचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिली. तो स्वतःच आमच्या गाडीत जाऊन बसला.

ठाण्यात विचारपूस सुरू झाली.

"तेल कुणाला विकलं?"

"साहेब, तुम्ही लिहून टाका ना, मीच नेलं. किस्सा खतम."

"असं कसं खतम? कुणाला विकलं ते सांग."

"याद नहीं."

"ड्रम कुठं आहेत?"

"फेकले."

"कुठं?"

यावर तो पुन्हा चपलांकडे बघायला लागला. कबुली द्यायला इतकी घाई करणारा माणूस एक तर पक्का मुरलेला असतो, नाहीतर कुणाला तरी पाठीशी घालत असतो. हे मला नव्यानं भरती झालेल्या पोरांना शिकवायची सवय होती. पण त्या दिवशी मी स्वतः विसरलो. समोर आयता आरोपी बसला की आम्हा पोलिसांच्या डोळ्यांवर झापड येते. त्याच्या हातांची कातडी सोलवटलेली होती, तेही मला दिसलं होतं. बघितलं आणि सोडून दिलं.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. रडली नाही. म्हणाली, "साहेब, चोरीचा ठपका लागला तर ह्यांचा परवाना जाईल, नोकरी तर जाईलच. ते काम सोडून ह्यांना दुसरं कायच येत नाही. माणूस घरात बसून मरून जाईल हो." मी तिला नेहमीचं उत्तर दिलं, कायदा आपलं काम करेल.

मग ठाण्याच्या अंगणात प्लास्टिक पसरून जप्त करून आणलेल्या पोत्यांचा पंचनामा सुरू केला. नियमाप्रमाणे प्रत्येक पोतं रिकामं करायचं, वजन करायचं, नमुना बाटलीत भरायचा. आमचे हेड कॉन्स्टेबल देपालपूरकडचे, पक्के माळवी. तिसरं पोतं उपडं करताना ते एकदम थांबले.

"साब, यो देखो. घोंघो!"

भुशात मेलेली गोगलगाय होती. मी खाली बसलो आणि हातानं भुसा चिवडला. शेवाळ निघालं, लव्हाळ्याची पाती निघाली, चिखलाचे गोळे निघाले. नऊच्या नऊ पोत्यांत तेच.

ड्रममधून अंगणात सांडलेल्या तेलात गोगलगाय कुठून येणार? हे तेल पाण्याच्या कडेवरून उचललेलं होतं. आणि मग इतक्या वेळ जे समोर होतं ते मला दिसलं. आयुष्यभर मी चोर पाहिले, पण सांडलेलं पुसत बसणारा चोर एकही पाहिला नव्हता.

ऑपरेटरला गाडीत घेतलं आणि कारखान्याच्या मागच्या भिंतीबाहेर गेलो. तिथून एक नाली निघते. नालीच्या कडेनं चालत गेलो तर पुढं मातीच्या पोत्यांचा बांध घातलेला दिसला. बांधाच्या अलीकडे कडेचं गवत काळं पडलेलं, पलीकडे हिरवंगार. तिथून पन्नास पावलांवर मजुरांच्या वस्तीची विहीर. बायका पाणी भरत होत्या. त्यातल्या एकीनं ऑपरेटरला ओळखलं.

"क्यों भिया, अब तो भर सकते हैं ना पानी? तुमने दो दिन रोका तो हम टैंकर की लाइन में लगे रहे."

तिचं लक्ष माझ्या वर्दीकडे गेलं आणि तिनं घाईघाईनं घागर उचलली. ऑपरेटर विहिरीच्या कट्ट्यावर बसला. दोन दिवस तोंड शिवून बसलेला तो माणूस लहान पोरासारखा रडायला लागला.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या व्हॉल्व्हचं गॅस्केट, म्हणजे रबराची चकती, कडक होऊन गळत होतं. ते बदलायचं तर यंत्र बंद ठेवावं लागणार, म्हणून व्यवस्थापक आज-उद्या करत राहिले. एक दिवस ते फाटलंच आणि तेलाची धार लागली. खरं तर त्यासाठीच ट्रान्सफॉर्मरखाली भिंत घातलेला, गोटे भरलेला खड्डा असतो. तेल गळलं तर सगळं त्यात मावावं, बाहेर थेंब जाऊ नये.

"मग बाहेर कसं गेलं?" मी विचारलं.

"साहेब, स्वच्छतेची तपासणी येणार होती ना. खड्ड्यात बारिश का पानी साचायचं. मच्छर होतील, नोटीस मिळेल, म्हणून सर म्हणाले भिंतीला भोक पाड. गोटे काढून, रंग देऊन बगीच्यात लावले. मी बोललो होतो, सर, तो खड्डा तेलासाठी आहे. ऐकलं नाही. भोक मीच पाडलं साहेब, ह्याच हातांनी."

शहर चकचकीत ठेवायच्या नादात यांनी तेल अडवणारी एकुलती एक भिंत फोडली होती. असली चूक आमच्या इंदूरमध्येच होऊ शकते! धार लागल्याबरोबर ऑपरेटरनं यंत्र बंद केलं, खाली ड्रम लावला, भोकात चिंध्या कोंबल्या आणि बाहेर धावला. तोवर चार ड्रमभर तेल नालीत गेलं होतं. ते विहिरीत उतरलं असतं तर वस्तीचं पाणी गेलं होतं. यानं बांध घातला, लाकूड कापायच्या आरा मशीनवरून भुसा आणला, दोन दिवस ओंजळीनं तेल टिपलं.

"मग हे मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"सर बोलले, गळती सांगितली तर कारखान्याला टाळं लागेल. चोरी सांगितली तर विमा मिळेल. तीनशे घरं आहेत साहेब त्याच्यावर. मी म्हटलं, मी एकटाच जाईन. पर कुएँ में तेल नहीं जाने दूँगा, हे पण सांगून टाकलं होतं त्यांना." पोलीस यायच्या आत पोती आवारातून हलवा, असा हुकूम झाला म्हणून त्यानं ती मोपेडवरून घरी नेली. वाटलं, रोज थोडं थोडं कचरागाडीत देऊ.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते मी करून बसलो होतो. मला माझी लाज वाटली, आणि मी ती त्याला तिथंच, हेड कॉन्स्टेबलसमोर बोलून दाखवली. माफी मागितली. टीआय माफी मागतो हे पाहून हेडसाहेब दुसरीकडे बघायला लागले.

पण नुसत्या सांगण्यावर केस उभी राहत नाही. व्यवस्थापक म्हणाले, "कसली गळती? मी दिलेलं रजिस्टर बघा ना." म्हणून मी ते मालखान्यातून काढून पुन्हा उघडलं. या वेळी आकडे वाचले नाहीत, कागद बघितला. सहा महिन्यांच्या नोंदी, एकच पेन, एकच दाब, पान लग्नपत्रिकेसारखं स्वच्छ. मी चौतीस वर्षं ठाण्याचा रोजनामचा पाहिला आहे. खऱ्या रोजच्या वहीत चार पेनं असतात, चहाचे गोल असतात, पावसाळ्यात शाई फुटलेली असते. आणि हे तर वायरमनचं रजिस्टर, ज्याचे हात दिवसभर तेलात. हे एका बैठकीत बसून लिहिलेलं होतं.

खरं रजिस्टर व्यवस्थापकांच्या केबिनच्या कपाटात सापडलं. पानोपानी तेलकट अंगठे. रोज थोडी थोडी उतरणारी पातळी, बाजूला "गॅस्केट बदलणे" असं सतरा वेळा, आणि शेवटची नोंद, वेळ घालून: "तेल नालीत जात आहे. साहेबांना फोन केला."

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. "सर, कारखान्याच्या भल्यासाठीच केलं हो."

मी म्हणालो, "तुम्हाला माझी मराठी समजत नाही, म्हणून सोपं सांगतो. उठा. ठाण्यात चला."

खोटी तक्रार आणि पाण्याला धोका पोचवणं, असे गुन्हे त्यांच्यावर लागले. कारखान्याला टाळं लागलं नाही. दुरुस्तीपुरता थोडे दिवस बंद राहिला, एवढंच. धोकादायक कचरा उचलणाऱ्या अधिकृत लोकांनी पोती नेली, नालीतली काळी माती खरवडून नेली. खड्ड्याची भिंत पक्की झाली, बगीच्यातले रंगीत गोटे पुन्हा खड्ड्यात गेले. विहिरीचं पाणी तपासून घेतलं, ते चांगलं निघालं. ऑपरेटरचा परवाना शाबूत राहिला, नोकरीही. जबाबावर सही करताना तो मात्र अडून बसला. "भोक मी पाडलं, हे पण लिहा साहेब. नाहीतर सही नाही करणार." मी लिहिलं. त्यानंतर त्यानं काय केलं, तेही सविस्तर लिहिलं, आणि तो परिच्छेद मी कुणाकडून लिहवून घेतला नाही, स्वतः लिहिला.

या केसनं मला काय शिकवलं? पोलीस नेहमी शोधतो तो बिघडवणारा माणूस. पण जिथं बिघडलं असतं तिथं बहुधा कुणीतरी मुकाट्यानं निस्तरतही असतं, आणि माखलेले हात त्याचेच असतात. म्हणून पुढं कुठल्याही गुन्ह्याच्या जागी गेलो, की हात बरबटलेल्या माणसाला बेड्या दाखवण्याआधी मी त्याला पाणी विचारू लागलो. कचरागाडीवरच्या बाईंना मी ठाण्यात बोलावून सगळ्या स्टाफसमोर शाल दिली. त्या म्हणाल्या, "वो सब ठीक है साब, पर आपके थाने का कचरा अब भी मिक्स आता है." सुधारलो.

महिनाअखेरच्या गुन्हे बैठकीत मी चोरीची खारिजी, म्हणजे गुन्हा घडलाच नव्हता असा अहवाल, मांडला. वरिष्ठांनी कागद उलटसुलट केला. बाकीचे टीआय आपापल्या बरामदगीच्या, म्हणजे परत मिळवलेल्या दागिने, गाड्या, मोबाईल यांच्या लांबलचक याद्या घेऊन बसले होते.

"चोर नहीं मिला. तेल नहीं मिला. आपकी बरामदगी क्या है?" त्यांनी विचारलं.

मी उभा राहिलो. इतका ताठ मी परेडलाही कधी उभा राहिलो नसेन.

"एक कुआँ, सर," मी म्हणालो. "चालू हालत में."