चौथी बॅटरी

खाण बंद झाली तेव्हापासून मोटरसायकल अंगणात उभी होती, आणि खाणीवर ट्रक चालवणारा मी घरात सोप्यावर बसून. आता पेडण्याला ड्रायव्हरची नोकरी मिळाली, तर गाडी सुरूच होईना. ढकलत ढकलत डिचोलीच्या एका बॅटरीवाल्याकडे नेली. त्याचं नाव मी विचारलं नाही. सदऱ्यावर ॲसिडने पडलेली बारीक भोकं तेवढी आठवतात.

"भरवशाची द्या," मी म्हटलं.

त्याने एक बॅटरी उचलली, चष्मा कपाळावर सरकवून तिच्यावरचा महिना वाचला आणि बाजूला ठेवली. दुसरीही तशीच. तिसरीही. मी वैतागलो. "सगळ्या नव्याच ना?"

"नवीच. पण वर्सभर हंयच बसान आसा ही. वापरली नाय तरी बसान बसान मरता ती."

चौथी त्याने गाडीला बसवली. "कधीपासून उभी?"

"खाण बंद झाल्यापासून."

डिचोलीत घरोघरी खाणीवरची माणसं; या उत्तरापुढे कोणी काही विचारत नाही. त्याने बाजूच्या तिन्ही बॅटऱ्या उचलून चार्जिंगला लावल्या. "हळूहळू उठतत," एवढंच म्हणाला.

सोमवारी, नोकरीच्या पहिल्या दिवशी, स्टार्टर दाबताच गाडी सुरू झाली. क्लच सोडायला मात्र माझा हात धजेना.