धुक्यात थांबलेला पाळणा

देवावरचा माझा विश्वास एका दिवसात उडाला नाही, तो हळूहळू वापरातून गेला. महामारीच्या काळात माझे वडील पुण्यात हॉस्पिटलमध्ये होते आणि मी इथे नागोयात. विमानं बंद होती. रोज फोनच्या पडद्यावर त्यांचा मास्क लावलेला चेहरा बघायचा आणि फोन ठेवला की स्तोत्र म्हणत बसायचं, असे ते दिवस होते. बाबा गेले. मी देवाशी भांडले नाही, जाब विचारला नाही. फक्त त्यानंतर काही मागायला गेले की शब्द अर्धेच राहायचे. मग मागणंच सोडून दिलं.

या देशात तसं जगणं सोपंही आहे. मी इथल्या एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत इंजिनीअर आहे आणि सुट्ट्या आखणं हा माझा छंद. इथली माणसं प्रवासही कामासारखा मन लावून करतात. कुठल्या डोंगरावरची पानं कधी लाल होणार याचे अंदाज हवामानाच्या बातम्यांसारखे सांगितले जातात. निवृत्त मंडळी टोप्या घालून, झेंडा धरलेल्या गाईडच्या मागे शिस्तीत चालतात, प्रत्येक गावची मिठाई शेजाऱ्यांसाठी घेतात आणि सांगितलेल्या वेळी बसमध्ये परत बसलेली असतात. फोटो कुठे उभं राहून काढावा याचीही पाटी असते. सुरुवातीला मला हे हसू येण्यासारखं वाटायचं. पुढे मीही तशीच झाले. पार्किंग, तिकिटं, पावसाची शक्यता, सगळं आधी बघून ठेवायचं, पर्समध्ये सगळ्यांची औषधं घ्यायची. नीट आखलं की काही बिघडत नाही, असं मी म्हणायचे. खरं तर तीच माझी श्रद्धा झाली होती.

त्या शरद ऋतूत माझ्या सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते. त्यांना डायबेटिस आहे, आणि सोमवारचा उपास त्यांनी लग्नाआधीपासून कधी मोडलेला नाही. माझी मुलगी ईरा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते जपानीत. आजी विचारणार, "जेवलीस का गं?" आणि ही "उन, ताबेता", म्हणजे 'हो, जेवले', असं म्हणून निघून जाणार. आई रागावत नसत. माझ्याकडे बघून विचारत, "काय म्हणाली?" मी सांगायची. असा दोघींचा संवाद माझ्यामार्फत चालायचा.

सोमवारची जोडून सुट्टी आली होती. नवऱ्याला कामावर जावं लागणार होतं, म्हणून त्या सोमवारी आम्ही तिघीच गाडीने डोंगरात निघालो. तिथे एक रोपवे आहे. गोल फिरत राहणाऱ्या छोट्या छोट्या केबिन, आठ-आठ माणसांच्या. वाटेत आईंनी विचारलं, "वर देऊळ कुठलं आहे?"

"देऊळ नाहीये, आई. वरून व्ह्यू दिसतो. लाल पानं."

"एवढ्या उंच जायचं आणि वर देव नाही?" त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच नवल वाटत होतं. मी हसले आणि विषय बदलला. मला त्यांच्या उपासाचीच जास्त काळजी होती. सकाळी त्यांनी शुगरची गोळी घेतली होती आणि वर फक्त एक राजगिऱ्याचा लाडू. साबुदाण्याची खिचडी डब्यात होती, पण ती खाली आल्यावर निवांत खाऊ, असं त्यांनीच ठरवलं.

वरच्या अंगाला थोडं धुकं होतं, पण रोपवे चालू होता आणि रांग मोठी. आमचा नंबर आला तेव्हा केबिनमध्ये पाच जण आधीच बसले होते. तीन जागा, आम्ही तिघी. ईरा टुणकन चढली, मग मी आईंना हात दिला. त्या आत बसल्या आणि त्यांची शाल फलाटावर पडली. मी वाकून उचलली आणि वळले, तेवढ्यात केबिन पुढे सरकली होती. इथे केबिन थांबत नाहीत, सरकत्या असतानाच चढायचं. कर्मचाऱ्याने मला हाताने मागे थांबवलं, माझ्या मागच्या एकट्या म्हाताऱ्या गृहस्थांना त्या जागेवर बसवलं आणि दार लागलं. "पुढच्यातून या," तो नम्रपणे म्हणाला. मला राग आला. ती माझी जागा होती. काचेतून आईंनी हात हलवला आणि त्यांचा पाळणा वर निघाला. 'पाळणा' हा त्यांचाच शब्द.

पुढची केबिन माझ्यापर्यंत आलीच नाही. जोराचा वारा सुटला, घंटा वाजली आणि सगळं जागच्या जागी थांबलं. लाउडस्पीकरवर सूचना आली की वाऱ्यामुळे रोपवे थांबवला आहे, कृपया वाट पाहावी. त्यांची केबिन तिसऱ्या खांबापलीकडे गेली होती आणि तिथून पुढे सगळं धुकं होतं. नुसती तार दिसत होती, हलताना.

पहिली काही मिनिटं मी शांत होते. इथे अशा गोष्टी होतात आणि नीट सोडवल्या जातात, हे मला माहीत होतं. मग हातातल्या शालीकडे लक्ष गेलं आणि खांद्यावरच्या पर्सकडे. आईंच्या ग्लुकोजच्या गोळ्या पर्समध्ये. ईराचा फोन पर्समध्ये. आईंचा फोनही. सगळं आखून, नीट कप्प्यांत भरून माझ्याजवळ होतं आणि त्या दोघी तिकडे तारेवर लटकल्या होत्या.

मी तिथल्या कर्मचारी बाईंना गाठलं. सासूबाईंना डायबेटिस आहे, त्यांनी सकाळपासून जवळजवळ काही खाल्लेलं नाही, हे सांगताना माझं जपानी अडखळायला लागलं. रोज मीटिंगमध्ये बोलते ती भाषा, पण 'उपास' कसा सांगायचा ते सुचेना. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, कंट्रोल रूमला कळवलं, माझ्यासमोर खोल वाकल्या. म्हणाल्या, "वारा कमी झाल्याशिवाय हलवता येत नाही. माफ करा." त्यांना खरंच वाईट वाटत होतं, पण करण्यासारखं त्यांच्या हातात काही नव्हतं. माझ्याही नव्हतं.

फलाटाच्या कडेला एक बाक होतं, तिथे बसले. रांगेतली माणसं शांतपणे पांगत होती. कुणीतरी मला गरम चहाची बाटली आणून दिली, ती मी नुसती धरून बसले. डोक्यात हिशेब चालू होता, गोळी किती वाजता घेतली, लाडू केवढा होता, शुगर कधी उतरायला लागेल. ईराला ते कळेल का? कळलं तरी ती आजीशी कुठल्या भाषेत बोलणार? एका क्षणी हिशेब करणंही संपलं. बाबांच्या वेळी असंच झालं होतं. समोर पडदा, पलीकडे माझं माणूस, आणि अलीकडे मी, काहीच करू न शकणारी. हात आपोआप जोडले गेले. तोंडात स्तोत्र येईना. मागणंही येईना, कारण मागितलेलं मिळत नाही हे मी बघितलेलं होतं. एवढंच म्हटलं गेलं, "मला काही करता येत नाहीये. तू बघ." त्यात आशा होती असं मी म्हणणार नाही. हातातलं जड ओझं कुणीतरी घ्यावं म्हणून पुढे करतात, तेवढंच ते होतं.

किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. त्या कर्मचारी बाई जवळजवळ पळत आल्या. "फोन आला होता," त्या धापा टाकत म्हणाल्या, "केबिनमधल्या एका गृहस्थांचा. भिंतीवर आमचा नंबर असतो त्यावर. म्हणाले, भारतीय आजींना बरं वाटत नव्हतं, अंग थरथरत होतं. आता त्यांनी गोड खाल्लं आहे. आता बऱ्या आहेत. खाली त्यांची सून असेल, तिला आधी सांगा."

मी बाईंचे दोन्ही हात धरले. इथे असं कुणी करत नाही, पण त्यांनी ते सोडवून घेतले नाहीत.

वारा पडल्यावर केबिन अगदी सावकाश, उलट्या दिशेने खाली आणल्या. धुक्यातून ती काच दिसली, मग ईराचा लाल स्वेटर, मग आई. चेहरा उतरलेला, पण बसलेल्या ताठ. दार उघडलं तेव्हा माझ्या जागेवर बसवलेले तेच म्हातारे गृहस्थ आधी उतरले आणि त्यांनी आईंना हात दिला. मी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली आणि तशीच त्यांना धरून उभी राहिले.

"अगं, घाबरलीस होय?" आई म्हणाल्या. "मी बरी आहे. हिने सांभाळलं मला."

काय झालं ते मला दोघींकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. केबिन थांबल्यावर काही वेळाने आईंना घाम फुटला, हात कापायला लागले. समोर बसलेल्या त्याच गृहस्थांनी ते पाहिलं आणि ईराला विचारलं, आजींना साखरेचा आजार आहे का? ईरा हो म्हणाली. त्यांनी खिशातून गोळीचॉकलेटसारखं काहीतरी काढलं, पण आई तोंड उघडेनात. उपास, आणि त्यात काय घातलंय कोण जाणे. मग त्यांनी पिशवीतून एक सुकवलेलं काकी काढलं, हे इथलं फळ, खजुरासारखं गोड लागतं. आईंनी ते हातात घेऊन विचारलं, "हे उपासाला चालतं का?" आणि माझ्या मुलीने, जिने आजीला कधी एक सबंध वाक्य मराठीत ऐकवलं नव्हतं, तिने मराठीत सांगितलं, "आजी, फळ आहे. झाडावरचं आहे. खा. हळूहळू खा." मग तुकडे करून तिनेच भरवलं. भाषा आधीपासून तिच्यात होती. मधे मी उभी होते, म्हणून तिला कधी ती लागली नव्हती.

मी त्या गृहस्थांचे परत परत वाकून आभार मानले. त्यांना कसं कळलं, असं विचारलं. ते जरा संकोचले. "माझ्या बायकोला होता हा आजार," ते म्हणाले. "दर वर्षी आम्ही दोघं इथे यायचो. आता ती नाही. पण घरातून निघताना खिशात काही गोड टाकल्याशिवाय पाऊल उचलत नाही. काकी अंगणातल्याच झाडाचं आहे. अजून नीट सुकलेलं नव्हतं, तरी का कोण जाणे, आज बरोबर घेतलं."

खालून झेंडावाली गाईड त्यांना हाक मारत होती, त्यांची बस निघायची होती. नाव विचारायच्या आत ते घाईने जिना उतरायला लागले. आईंनी त्या पाठमोऱ्या गृहस्थांना हात जोडले. ते नेमके वळले, त्यांनीही हात जोडून मान झुकवली आणि बसकडे गेले.

मला वाटलं होतं आई आता म्हणतील, देवच आला धावून. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. बाकावर बसून खिचडी खाताना एवढंच बोलल्या, "बायकोची फार आठवण येत असेल गं त्याला. किती वर्षं खिसा भरत असेल."

पुढे मी यावर पुष्कळ विचार केला. शाल पडली नसती तर मी आत असते, ग्लुकोज माझ्याजवळ होतं, काहीच अडलं नसतं. मग ही कृपा कसली, असं कुणीही विचारेल. मी हात जोडले ते आधी, की त्यांनी फळ काढलं ते आधी, हेही मला माहीत नाही. मला फक्त एवढं कळतं की जिथे माझा हात पोचत नव्हता तिथे एक हात आधीच पोचलेला होता, आणि तो एका दुःखी माणसाच्या मायेतून आला होता. बाबांच्या वेळीही, त्या वॉर्डात, मला न दिसलेला असा एखादा हात त्यांच्या कपाळावर असेल. कुणी नर्स, कुणी शेजारच्या खाटेवरचं माणूस. मी नव्हते म्हणजे कुणीच नव्हतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता तसं वाटत नाही. प्रवास मी अजूनही आखते, औषधंही घेते. मात्र संध्याकाळी थोडा वेळ डोळे मिटून बसते. मागत नाही. माझी माणसं तुझ्या हातात आहेत, एवढं सांगते आणि उठते.

रोपवेहून घरी परतताना हायवेला सुट्टीची गर्दी लागली. पुढे डोंगराच्या वळणापर्यंत गाड्याच गाड्या, सगळ्या मुंगीच्या पावलांनी. एरवी मी दुसरा रस्ता शोधला असता, चिडले असते. त्या दिवशी तसं काही वाटलं नाही. मागच्या सीटवर आईंना डुलकी लागली होती आणि ईरा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. पुढची गाडी थोडी हलली की मी हलायची, ती थांबली की थांबायची. आरशात दोघींचे श्वास संथ चाललेले दिसत होते. मी काच थोडी खाली केली. बाहेरची हवा गार होती, आणि खूप दिवसांनी मला कुठेही वेळेवर पोचायचं नव्हतं.